शिकागो शहराची १९८३ ची महापौर निवडणूक : मतदारनोंदणी, वर्णभेद आणि प्रभागरचना

प्रास्ताविक

अमेरिकेच्या नागरी राजकारणाच्या इतिहासात १२ एप्रिल १९८३ रोजी शिकागो शहरात झालेल्या महापौरपदाच्या निवडणुकीस वेगळे स्थान आहे. या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांना ६,६८,१७६ मते मिळाली, तर रिपब्लिकन पक्षाचे बर्नार्ड एप्टन यांना ६,१९,९२६ मते मिळाली. नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ८२ टक्के मतदारांनी मतदान केले होते. अमेरिकेतील स्थानिक निवडणुकांत एवढे मतदान क्वचितच होते. अवघ्या ४८,२५० मतांच्या आधिक्याने शिकागोला पहिला कृष्णवर्णीय महापौर लाभला.

मात्र देशाच्या पातळीवर पाहता ही घटना पहिली नव्हती. क्लीव्हलँड व गॅरी या शहरांत १९६७ मध्ये, तर लॉस एंजेलिस, डेट्रॉइट व अटलांटा येथे १९७३ मध्येच कृष्णवर्णीय महापौर निवडून आले होते. १९८० च्या जनगणनेनुसार शिकागोची लोकसंख्या ३०,०५,०७२ होती व तिच्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. असे असता या शहरास एवढा विलंब का लागला, हा प्रश्न निवडणुकीच्या निकालाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या निवडणुकीचे विवेचन सामान्यतः दोन प्रकारे केले जाते. एका प्रकारात वॉशिंग्टन यांचे वक्तृत्व, विद्वत्ता आणि विनोदबुद्धी यांना सारे श्रेय दिले जाते, तर दुसऱ्या प्रकारात हा केवळ वर्णनिहाय मतांच्या बेरजेचा परिणाम मानला जातो. दोन्हींत तथ्य आहे. तथापि पहिल्या विवेचनात उमेदवार ठरण्यापूर्वीच घडलेल्या गोष्टी सुटतात आणि दुसऱ्यात ती बेरीज अस्तित्वात कशी आली हे सुटते. चाळीस टक्के लोकसंख्या ही आपोआप चाळीस टक्के मते होत नाही. लोकसंख्या आणि मते यांच्यामध्ये मतदारयादी असते, मते आणि सत्ता यांच्यामध्ये प्रभागरचना असते. शिकागोच्या निवडणुकीचा खरा इतिहास या दोन मधल्या पायऱ्यांवर घडला, अशी प्रस्तुत निबंधाची भूमिका आहे.

येथे 'महापौर' या संज्ञेविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात व महापौरांची निवड नगरसेवक करतात. शिकागोत महापौर थेट मतदारांकडून निवडला जातो, प्रशासनाचा प्रमुख तोच असतो आणि पन्नास वॉर्डांतून निवडून आलेल्या पन्नास नगरसेवकांच्या सभेचे अध्यक्षस्थानही तोच भूषवितो. असे असूनही कायद्याच्या पुस्तकात शिकागोची रचना 'दुर्बल महापौर, प्रबळ सभा' या प्रकारात मोडते. अंदाजपत्रक, महत्त्वाच्या नेमणुका व ठराव यांना सभेची संमती लागते. ही रचना व्यवहारात अनेक दशके नेमकी उलटी चालली, याचे कारण कायद्यात नसून पक्षसंघटनेत होते.

पक्षयंत्रणा आणि तिचे कृष्णवर्णीय वॉर्ड

१९३१ मध्ये अँटोन सेरमॅक यांनी रिपब्लिकन महापौर विल्यम हेल थॉम्प्सन यांचा पराभव केला. तेव्हापासून शिकागोचे महापौरपद सलग डेमोक्रॅटिक पक्षाकडे राहिले. परिणामी या शहरात खरी निवडणूक पक्षांतर्गत उमेदवार ठरविणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतच होत असे, एप्रिलमधील सार्वत्रिक निवडणूक हा उपचार असे. रिचर्ड जे. डेली हे १९५३ मध्ये कुक काउंटीच्या पक्षसमितीचे अध्यक्ष झाले आणि १९५५ मध्ये महापौर झाले. ही दोन्ही पदे त्यांनी २० डिसेंबर १९७६ रोजी मृत्यू येईपर्यंत आपल्याकडे ठेवली. नेमणुकांवर पक्षाची पकड होती, तिच्याखालील नोकऱ्यांची संख्या तीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असावी असा अंदाज केला जातो. ज्याला नोकरी हवी त्याने वॉर्डच्या समितीप्रमुखाची चिठ्ठी आणावी आणि चिठ्ठीच्या बदल्यात निवडणुकीत आपल्या गल्लीतील मते आणून द्यावीत, असा हा सरळ व्यवहार होता. मतदान केंद्राच्या हद्दीपुरते काम पाहणारा 'प्रीसिंक्ट कॅप्टन' हा या यंत्रणेचा कणा होय. कचऱ्याचा डबा, विझलेला रस्त्यावरील दिवा, मुलाची पोलीस चौकीतून सुटका अशी कामे तो करी व मतदानाच्या दिवशी त्याची परतफेड घेई.

कृष्णवर्णीय वस्त्या या यंत्रणेच्या बाहेर होत्या असा समज असल्यास तो चुकीचा ठरेल. त्या यंत्रणेच्या आतच होत्या, फक्त खालच्या पायरीवर. १९४३ ते १९७० या काळात अमेरिकन काँग्रेसचे सदस्य असलेले विल्यम डॉसन यांनी दक्षिण शिकागोतील वॉर्ड पक्षाच्या दावणीला बांधले होते. १९६३ च्या निवडणुकीत गौरवर्णीय मतदारांचे बहुमत डेली यांच्या विरोधात गेले. त्या वेळी त्यांना तारले ते याच वॉर्डांनी. त्याच काळात सार्वजनिक गृहबांधणीचे धोरण या वस्त्यांना अधिकाधिक कोंडणारे होते. १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रॉबर्ट टेलर होम्स या संकुलात सोळा मजल्यांच्या २८ इमारती एका ओळीत उभ्या राहिल्या. शाळांचे अधीक्षक बेंजामिन विलिस यांनी गर्दीने भरलेल्या कृष्णवर्णीय शाळांतील मुलांना शेजारच्या रिकाम्या गौरवर्णीय शाळांत पाठविण्याऐवजी पटांगणात फिरत्या खोल्या उभ्या केल्या. त्याविरुद्ध ऑक्टोबर १९६३ मध्ये दोन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला. मते देणारे आणि बहिष्कार टाकणारे लोक एकाच वस्तीतील, पुष्कळदा एकाच घरातील होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

१९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी घरांच्या प्रश्नावर शिकागोत आंदोलन केले आणि ५ ऑगस्ट रोजी मार्केट पार्क भागातील मोर्चात त्यांना दगड लागला. १९६८ मध्ये किंग यांच्या हत्येनंतर दंगली उसळल्या, तेव्हा जाळपोळ करणाऱ्यांना ठार करण्यासाठी गोळ्या झाडाव्यात अशी डेली यांची उघड भूमिका होती. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या छाप्यात ब्लॅक पँथर पक्षाचा तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन मारला गेला. तो छापा सरकारी वकील एडवर्ड हॅनराहन यांच्या कार्यालयाने घडविला होता. १९७२ मध्ये हेच हॅनराहन पुन्हा उभे राहिले तेव्हा कृष्णवर्णीय मतदारांनी इतर पदांसाठी डेमोक्रॅटिक उमेदवारांना मते देऊन या एका पदासाठी रिपब्लिकन उमेदवारास निवडून आणले. त्याच वर्षी डॉसन यांचे उत्तराधिकारी राल्फ मेटकाफ यांनी पोलिसी अत्याचारांच्या प्रश्नावर डेली यांच्याशी संबंध तोडले. ऑलिंपिक धावपटू म्हणून गाजलेल्या या यंत्रणानिष्ठ नेत्याचे बंड म्हणजे भिंतीला गेलेला पहिला मोठा तडा होय.

डेली यांच्या निधनानंतर सभेचे हंगामी अध्यक्ष विल्सन फ्रॉस्ट या कृष्णवर्णीय नगरसेवकाने काळजीवाहू महापौरपदावर हक्क सांगितला. महापौरांचे दालन त्यांच्यासाठी उघडले गेले नाही. तडजोडीत त्यांना वित्त समितीचे अध्यक्षपद मिळाले आणि मायकेल बिलांडिक महापौर झाले. १९७७ च्या विशेष प्राथमिक निवडणुकीत हॅरॉल्ड वॉशिंग्टन प्रथमच या पदासाठी उभे राहिले व त्यांना सुमारे ११ टक्के मते मिळाली.

१९७९ च्या हिवाळ्यातील प्रचंड हिमवादळाने बिलांडिक यांची सत्ता घालविली, असे म्हटले जाते. केवळ बर्फ न उचलल्यामुळे हे घडले नाही. गर्दी कमी करण्यासाठी दूरच्या भागांतून येणाऱ्या लोकलगाड्या शहरातील मधल्या स्थानकांवर न थांबता पुढे नेण्यात आल्या आणि ही स्थानके प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्त्यांतील होती. फलाटावर गारठत उभ्या असलेल्या माणसासमोरून गाडी न थांबता निघून जाणे यापेक्षा स्पष्ट राजकीय शिक्षण कोणते असू शकेल? या मतदारांनी जेन बर्न यांना विजयी केले. शिकागोच्या त्या पहिल्या महिला महापौर. परंतु पुढील निवडणुकीत गौरवर्णीय मतांसाठी डेली यांच्या पुत्राशी, रिचर्ड एम. डेली यांच्याशी, सामना होणार हे ओळखून त्यांनी लवकरच दिशा बदलली. १९८२ मध्ये त्यांनी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या मंडळावर कृष्णवर्णीय सदस्यांच्या जागी गौरवर्णीय सदस्य नेमले. या प्राधिकरणाच्या घरांत राहणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. त्या उन्हाळ्यात 'शिकागोफेस्ट' या नागरी महोत्सवावर जेसी जॅक्सन यांच्या पुढाकाराने बहिष्कार पडला आणि गायक स्टीव्ही वंडर यांनी आपला कार्यक्रम रद्द केला.

मतदारयादी

बहिष्कारातून संताप व्यक्त होतो, त्यातून मते मिळत नाहीत. १९८२ च्या उन्हाळ्यात शिकागोत या दोहोंमधील अंतर जाणीवपूर्वक पार करण्यात आले. या निवडणुकीच्या अभ्यासात हा टप्पा सर्वाधिक महत्त्वाचा असूनही त्यास बहुधा एखाद्या परिच्छेदाची जागा मिळते.

अमेरिकेत त्या वेळी मतदाराचे नाव यादीत आपोआप येत नसे. नागरिकाने स्वतः जाऊन नोंदणी करावी लागे. त्या काळी शिकागोत त्यासाठी शहराच्या मध्यवर्ती कार्यालयात जावे लागे किंवा निवडणुकीपूर्वी ठरावीक दिवशी आपल्या मतदान केंद्रावर हजर राहावे लागे. पक्षयंत्रणेस ही व्यवस्था सोयीची होती. ज्यांची मते हुकमी, त्यांना कॅप्टन स्वतः नेऊन नाव नोंदवी. ज्यांचा भरवसा नाही, त्यांच्याकडे तो फिरकतच नसे. याचा अर्थ मतदारयादी ही वस्तुतः यंत्रणेच्या विश्वासातील माणसांची यादी होती. तिच्याबाहेर राहिलेल्यांवर मतदानास कायद्याने बंदी नव्हती, त्यांना फक्त कोणी बोलावले नव्हते.

'पॉवर' या आद्याक्षरनामाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेने हे वर्तुळ भेदले. सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या व बेकार असलेल्या लोकांची ही संघटना होती. राज्य सरकारने साहाय्यात केलेल्या कपातीविरुद्ध लढताना, आपल्या लोकांची नावे यादीतच नाहीत, म्हणून कोणताही पक्ष आपणास मोजत नाही, हे तिच्या ध्यानात आले. तिने मागणी केली ती साधी होती. ज्या कचेऱ्यांत हे लोक महिन्याच्या महिन्याला रांगेत उभे राहतात, त्याच कचेऱ्यांत मतदारनोंदणीचे टेबल मांडावे. दबावाखाली ही मागणी मान्य झाली. दारिद्र्याची रांग आणि मतदारांची रांग एकाच दारात आली, असे म्हणता येईल.

याच सुमारास पत्रकार लू पामर यांनी १९८३ मध्ये कृष्णवर्णीय महापौर निवडून आणण्याची हाक देत प्रशिक्षणवर्ग व सभा चालविल्या होत्या. केसांची प्रसाधने तयार करणाऱ्या 'सॉफ्ट शीन' कंपनीचे एडवर्ड गार्डनर यांनी आपला पैसा आणि जाहिरातीचा विभागच या कामास जुंपला. ५ ऑक्टोबर १९८२ हा केंद्रावरील नोंदणीचा दिवस होता. त्या तारखेची जाहिरात कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांवरून एखाद्या नव्या वस्तूच्या जाहिरातीप्रमाणे सतत वाजत राहिली. चर्चमधील उपदेशक, गृहसंकुलांतील महिला, विद्यार्थी आणि किरकोळ दुकानदार या कामात उतरले. ही मोहीम कोणा एका संघटनेची नव्हती व तिच्यात परस्पर मतभेदही पुष्कळ होते. तथापि तिच्या अखेरीस एक लाखाहून अधिक नवे कृष्णवर्णीय मतदार यादीत आले. अंतिम मताधिक्य ४८,२५० होते, हे येथे आठवावे.

या साऱ्या काळात उमेदवार मात्र ठरलेला नव्हता. १९७७ चा अनुभव घेतलेल्या वॉशिंग्टन यांनी किमान ५०,००० नवे मतदार नोंदविल्याशिवाय आपण उभे राहणार नाही अशी अट घातली होती. काहींना हा टाळाटाळीचा प्रकार वाटला. वस्तुतः यंत्रणेच्या आतून वर आलेल्या राजकारण्याचा तो हिशेब होता. सामान्यतः उमेदवार मतदारांना साद घालतो. येथे मतदारांनी आधी आपली संख्या सिद्ध करून उमेदवारास उभे राहणे भाग पाडले.

नोव्हेंबर १९८२ मध्ये राज्यपालपदाची निवडणूक झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे काउंटी अध्यक्ष एडवर्ड व्ह्रडोल्याक यांनी मतपत्रिकेवरील दहा क्रमांकाचे एकच छिद्र पाडून पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याचा प्रचार जोमाने केला. पक्षाचे उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन तिसरे हे केवळ ५,०७४ मतांनी हरले. एवढी चुरस होईल असे कोणालाही वाटले नव्हते. ती घडविण्यात नव्याने नोंदलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचा मोठा वाटा होता. यंत्रणेने त्यांना मतदान केंद्रापर्यंत नेले ते राज्यपाल निवडण्यासाठी. ते तीन महिन्यांनी पुन्हा तेथे येणार आहेत, याचा हिशेब तिने केला नव्हता. १० नोव्हेंबर रोजी वॉशिंग्टन यांनी उमेदवारी जाहीर केली.

फेब्रुवारी आणि एप्रिल

हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांचा जन्म १९२२ मधील. त्यांचे वडील वकील, मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि दक्षिण भागातील तिसऱ्या वॉर्डात पक्षाचे प्रीसिंक्ट कॅप्टन होते. म्हणजे यंत्रणा त्यांच्या घरातच होती. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी सेवेनंतर त्यांनी रूझवेल्ट महाविद्यालयात व नंतर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले. १९६५ पासून ते राज्य विधिमंडळात आणि १९८१ पासून काँग्रेसमध्ये होते. त्यांच्या चरित्रात एक ठळक डागही होता. काही वर्षांची आयकर विवरणपत्रे न भरल्याबद्दल १९७२ मध्ये त्यांना अल्प मुदतीचा कारावास घडला होता. विरोधकांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. त्यांना संत ठरविण्याचा मोह नंतरच्या काही लेखनात दिसतो. त्याची आवश्यकता नाही.

प्राथमिक निवडणुकीत बर्न आणि धाकटे डेली यांच्यात गौरवर्णीय मते विभागली जाणार हे उघड होते. जानेवारीतील चार वादविवादांनी वॉशिंग्टन यांना मोठा लाभ दिला. त्यापूर्वी त्यांना गांभीर्याने न घेणाऱ्या कृष्णवर्णीय मतदारांनीही दूरचित्रवाणीवर तिघांना शेजारी पाहिले आणि सर्वांत तयारीचा उमेदवार कोण हे त्यांना दिसले. मतदानापूर्वीच्या शनिवारी व्ह्रडोल्याक यांनी बर्न यांच्या कार्यकर्त्यांपुढे हा सामना वर्णाचा असल्याचे आणि डेली यांना दिलेले मत वॉशिंग्टन यांनाच जाणार असल्याचे सांगितले. ते वृत्तपत्रांत छापून आले व त्याचा परिणाम उलटाच झाला. २२ फेब्रुवारी १९८३ रोजी वॉशिंग्टन यांना सुमारे ३६ टक्के, बर्न यांना सुमारे ३३ टक्के व डेली यांना सुमारे ३० टक्के मते मिळाली. नियमानुसार सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होता, निम्म्याहून अधिक मतांची अट नव्हती. या नियमाकडे तोवर कोणाचे लक्ष गेले नव्हते, कारण तोवर त्याचा फायदा योग्य समजल्या गेलेल्या माणसांनाच होत आला होता.

त्यानंतरचे सात आठवडे हे शिकागोच्या इतिहासातील अप्रिय पर्व होय. बावन्न वर्षे ज्या शहरात डेमोक्रॅटिक उमेदवारी म्हणजेच विजय होता, त्या शहरात पक्षाचे काही वॉर्डप्रमुख उघडपणे व इतर अनेक आतून रिपब्लिकन उमेदवाराच्या मागे गेले. बर्नार्ड एप्टन हे हाइड पार्क भागातील ज्यू विधिमंडळ सदस्य होते. त्यांची कारकीर्द उदारमतवादी होती. नामधारी लढतीसाठी उभा राहिलेला हा गृहस्थ एका रात्रीत अशा जमावाचा नायक झाला की ज्याच्याशी त्याचे आयुष्यभर जमले नसते. वेळ निघून जाण्यापूर्वी एप्टन यांना निवडा, अशा आशयाचे त्यांचे घोषवाक्य होते. कशाची वेळ, हे सांगण्याची गरज कोणास भासली नाही. एप्टन यांनी त्या घोषवाक्याचा वर्णद्वेषी अर्थ नाकारला, पण ते मागे घेतले नाही. उदारमतवादी पूर्वचरित्र असलेल्या माणसाने हे स्वीकारावे, यासाठी त्यास दोष देणे न्याय्यच आहे. २७ मार्च रोजी, ईस्टरपूर्वीच्या रविवारी, वॉशिंग्टन आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल वायव्य भागातील सेंट पास्कल चर्चमध्ये गेले असता संतप्त जमावाने त्यांची हुर्यो उडविली. चर्चच्या दारावर वर्णद्वेषी मजकूर रंगविला होता. ही दृश्ये देशभर पोहोचली. मधल्या काळात बर्न यांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून घेण्याच्या मार्गाने पुन्हा रिंगणात उतरण्याची घोषणा केली व आठवडाभरात मागे घेतली.

निकालाचे विश्लेषण पाहता जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय मते वॉशिंग्टन यांना पडली. गौरवर्णीय मतांपैकी सुमारे १२ टक्केच मिळाली व तीही मुख्यतः सरोवरकाठच्या सुशिक्षित वॉर्डांतून. फेब्रुवारीत त्यांच्यापासून दूर राहिलेल्या स्पॅनिशभाषक मतदारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांनी एप्रिलमध्ये त्यांना मत दिले. या तिसऱ्या गटाची साथ नसती तर लाखभर नवी नोंदणीही पुरी पडली नसती. म्हणून हा केवळ एका वर्णाचा विजय होता हे म्हणणे आकड्यांना धरून नाही.

एकोणतीस विरुद्ध एकवीस

२९ एप्रिल १९८३ रोजी नेव्ही पिअर येथे वॉशिंग्टन यांचा शपथविधी झाला. नगरसभेच्या २ मे च्या पहिल्याच बैठकीत आपल्या बाजूस बहुमत नाही हे पाहून त्यांनी सभा तहकूब केली व ते बाहेर पडले. व्ह्रडोल्याक यांच्या नेतृत्वाखालील २९ नगरसेवक मात्र बसून राहिले. त्यांनी सभा पुढे चालवून सर्व समित्यांची अध्यक्षपदे आपल्याकडे घेतली. न्यायालयाने ती कार्यवाही वैध ठरविली. महापौरांकडे २१ नगरसेवक होते. त्यांत १६ कृष्णवर्णीय व पाच गौरवर्णीय होते. डेली यांच्या काळात झाकली गेलेली कायद्यातील 'दुर्बल महापौर' ही रचना आता एका दिवसात जागी झाली.

पुढील तीन वर्षांच्या या संघर्षाचे गणित विलक्षण होते. २९ नगरसेवक कोणताही ठराव संमत करू शकत, पण महापौरांचा नकाराधिकार मोडण्यास ३४ मते लागत. महापौर कोणताही ठराव रोखू शकत, पण आपल्या नेमणुका संमत करून घेऊ शकत नसत. ग्रंथालयापासून उद्यानांपर्यंतच्या मंडळांवरील नावे समित्यांत पडून राहिली. या काळास त्या वेळच्या लोकप्रिय अंतराळपटावरून 'सभायुद्ध' असे नाव पडले. शहरास त्यात फार मौज वाटली नसावी. तरीही आपल्या कार्यकारी अधिकारात जे शक्य होते ते वॉशिंग्टन यांनी केले. शासकीय कागदपत्रे नागरिकांसाठी खुली करणारा आदेश त्यांनी पहिल्याच वर्षी काढला. राजकीय आधारावर नोकरभरतीस प्रतिबंध करणाऱ्या न्यायालयीन तडजोडीवर शहराच्या वतीने संमती दिली, म्हणजे डेली यांना बलवान करणारे शस्त्र त्यांनी स्वतःहून खाली ठेवले. १९८५ मध्ये शहराच्या कंत्राटांपैकी २५ टक्के अल्पसंख्य व ५ टक्के महिला व्यावसायिकांना देण्याचे उद्दिष्ट ठरविले. नोकऱ्यांच्या बाबतीतील त्यांच्या निर्णयावर त्यांचे काही समर्थकच नाराज होते. आपली पाळी आली तेव्हाच पंगत उठली, अशी त्यांची तक्रार होती. तिच्यात तथ्यांश नव्हता असे म्हणवत नाही.

कोंडी फुटली ती प्रभागरचनेच्या प्रश्नावर. १९८० च्या जनगणनेनंतर बर्न यांच्या काळात तयार झालेल्या वॉर्डांच्या नकाशात कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक वस्त्या अशा रीतीने कापल्या व जोडल्या होत्या की, वाढत्या संख्येच्या प्रमाणात त्यांना जागा मिळू नयेत. 'केचम विरुद्ध बर्न' या खटल्यात अपिली न्यायालयाने १९८४ मध्ये हा नकाशा अपुरा ठरविला. फेरआखणीनंतर सात वॉर्डांत १८ मार्च १९८६ रोजी विशेष निवडणुका झाल्या. दोन वॉर्डांचा निर्णय २९ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीवर गेला. त्यांतील २६ व्या वॉर्डात लुईस गुटिएरेझ पहिल्या फेरीत आघाडीवर होते, परंतु हाताने लिहिलेल्या मूठभर नावांमुळे त्यांचे निम्मे बहुमत हुकले होते. दुसऱ्या फेरीत गुटिएरेझ आणि १५ व्या वॉर्डात मार्लीन कार्टर विजयी झाल्या आणि सभेत २५ विरुद्ध २५ अशी स्थिती आली. समसमान मतांच्या वेळी निर्णायक मत महापौरांचे. शपथविधीनंतर बरोबर तीन वर्षांनी, योगायोगाने त्याच तारखेस, वॉशिंग्टन यांच्या हाती खरी सत्ता आली. १९८३ मध्ये ६,६८,१७६ मतांना जे जमले नाही, ते नकाशावरील काही रेषा सरकल्याने घडले.

विरोधकांनीही नियमांकडे लक्ष वळविले होते. १९८६ मध्ये महापौर निवडणूक पक्षविरहित करून निम्म्याहून अधिक मतांची अट व दुसरी फेरी आणण्यासाठी जनमत घेण्याचा प्रयत्न झाला. फेब्रुवारी १९८३ ची पुनरावृत्ती टाळणे हा त्याचा हेतू लपलेला नव्हता. एका मतपत्रिकेवर तीनच जनमत-प्रश्न घेता येत, म्हणून वॉशिंग्टन यांच्या बाजूने सभेत तीन निराळे प्रश्न संमत करून ती जागा भरून टाकली. यंत्रणेच्या शाळेतील हा विद्यार्थी आपला धडा विसरला नव्हता. १९८७ मध्ये त्यांनी प्राथमिक निवडणुकीत बर्न यांचा व सार्वत्रिक निवडणुकीत नव्या पक्षातर्फे उभ्या राहिलेल्या व्ह्रडोल्याक यांचा पराभव केला. या वेळी दोन्हीकडे त्यांना निम्म्याहून अधिक मते मिळाली.

२५ नोव्हेंबर १९८७ रोजी कार्यालयातील मेजापाशीच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आठवडाभरात सभागृहाबाहेर हजारो लोक जमलेले असता रात्रभर चाललेल्या बैठकीत पहाटे चारच्या सुमारास यूजीन सॉयर या कृष्णवर्णीय नगरसेवकाची काळजीवाहू महापौर म्हणून निवड झाली. त्यांना मिळालेली बहुसंख्य मते वॉशिंग्टन यांच्या जुन्या विरोधकांची होती. कृष्णवर्णीय नगरसेवकांपैकी बहुतेकांचा कल टिमोथी इव्हान्स यांच्याकडे होता. या फुटीतून १९८३ ची आघाडी सावरली नाही. १९८९ च्या विशेष निवडणुकीत रिचर्ड एम. डेली विजयी झाले आणि २०११ पर्यंत, म्हणजे वडिलांपेक्षाही अधिक काळ, पदावर राहिले.

१९८६ मध्ये अडविला गेलेला तो नियम रिपब्लिकन बहुमताच्या राज्य विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केला. १९९९ पासून शिकागोची महापौर निवडणूक पक्षविरहित झाली व कोणासही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास दोघा आघाडीच्या उमेदवारांत दुसरी फेरी होऊ लागली. त्या नियमाखाली २०१९ मध्ये झालेल्या दुसऱ्या फेरीत समोरासमोर आलेल्या लोरी लाइटफूट व टोनी प्रेकविंकल या दोन्ही उमेदवार कृष्णवर्णीय महिला होत्या. २०२३ मध्ये पहिल्या फेरीत दुसऱ्या क्रमांकावर असलेले ब्रँडन जॉन्सन दुसऱ्या फेरीत पॉल व्हॅलास यांच्यावर मात करून निवडून आले. सर्वाधिक मते मिळविणारा विजयी हा जुना नियम कायम असता, तर ती निवडणूक व्हॅलास जिंकले असते.